प्रयोगशाळेतील प्राणी आणि साहित्यिक युक्तिवाद : ‘द लाइव्हज ऑफ ॲनिमल्स’ची चिकित्सा

प्रस्तावना :
जे. एम. कोएट्झी यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात १९९७-९८ मध्ये दिलेली टॅनर व्याख्याने ‘द लाइव्हज ऑफ ॲनिमल्स’ या नावाने १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. व्याख्यानाऐवजी कोएट्झी यांनी कथा सादर केली. एलिझाबेथ कॉस्टेलो ही वयोवृद्ध ऑस्ट्रेलियन लेखिका एका अमेरिकन महाविद्यालयात प्राण्यांविषयी भाषण करते, अशी तिची रचना आहे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतीविषयी ही कृती काय सिद्ध करते आणि कोठे अपुरी पडते, याचा विचार येथे केला आहे.

सुलतानचा प्रसंग :
मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी टेनेरिफ बेटावर चिंपांझींच्या बुद्धीचा अभ्यास केला व त्यावरील ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. उंच टांगलेली केळी काढण्यासाठी खोक्यांवर खोकी रचणे, ही त्यातील एक कसोटी होती. कॉस्टेलो हा प्रयोग सुलतान या चिंपांझीच्या बाजूने पाहते. रोज अन्न देणारा माणूस आज असा का वागतो, हा सुलतानचा पहिला प्रश्न असू शकतो; परंतु प्रयोगाच्या रचनेत त्याला स्थान नाही. केळी कशी मिळवावीत, एवढाच विचार ‘योग्य’ ठरतो. येथे प्राण्याला शारीरिक इजा होत नाही. तरीही नैतिक प्रश्न उभा राहतो. वेदनेचे मोजमाप करणारी चर्चा जेथे थांबते, तेथून कोएट्झी यांचे लेखन सुरू होते. हे या कृतीचे खरे सामर्थ्य होय.

नाझी छळछावण्यांची उपमा :
कॉस्टेलो पशुहत्येची तुलना नाझी छळछावण्यांशी करते. कथेतीलच अब्राहम स्टर्न हा कवी तिला आक्षेप घेतो. तथापि या तुलनेत एक ऐतिहासिक दुवा निसटला आहे. छावण्यांतील कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता जन्माला आली. माणसांवरील प्रयोग प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेले असावेत, असे तिचे तिसरे कलम सांगते. १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्रानेही हेच तत्त्व स्वीकारले. म्हणजे माणसाला संरक्षण देणाऱ्या नीतीनेच प्राण्याला त्याच्या पुढे उभे केले. क्रौर्याचा निषेध करून हा पेच सुटत नाही, कारण तो करुणेतूनच निर्माण झाला आहे. सुलतानच्या प्रसंगात कोणाही रुग्णाचा जीव पणाला लागलेला नाही. त्यामुळे त्या प्रसंगावरून लस वा औषध संशोधनाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. तत्त्वे मांडण्याचे कॉस्टेलो टाळते. म्हणून ही उणीव अधिक जाणवते.

निष्कर्ष :
रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधणे, संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने औषधांसाठी प्राणिचाचणीची सक्ती काढली, तर भारतानेही २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून पर्यायी पद्धतींना मान्यता दिली. न्यूरेंबर्गने बांधलेली गाठ यामुळे सैल होऊ लागली आहे. मात्र पर्याय उपलब्ध असतानाही प्राणी वापरला जातो, तेव्हा मानवहिताची सबब उरत नाही. अशा वेळी, हा माणूस असा का वागतो, या सुलतानच्या प्रश्नाला उत्तर देणे संशोधकावर बंधनकारक ठरते. कोएट्झी यांच्या कृतीने वैद्यकीय नीतीचा निवाडा केलेला नाही. परंतु त्या निवाड्यात विचारावयाचा पहिला प्रश्न तिने निश्चितपणे दिला आहे.