लिंबू, रोबो आणि घासायची भांडी
(‘भविष्यातल्या स्वयंपाकघरा’च्या समीक्षेची एक बाजू)

घरगुती उपकरणांच्या डिझाइनवरचे लेखन वाचू लागलो तेव्हा एक उणीव हळूहळू लक्षात येत गेली. वस्तूचा आकार, तिचा धातू, डिझायनरचा लौकिक यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. पण वापरून झाल्यावर ती धुतली कोणी आणि बिघडली तेव्हा दुरुस्त कोणी केली, याची नोंद क्वचितच सापडते. हा प्रश्न मलाही उशिराच पडला, कारण आमच्या घरी वर्षानुवर्षे वाटण माझ्या हातचे नव्हते. या प्रश्नाशिवाय ‘अभिनव’ आणि ‘भविष्यवेधी’ ही विशेषणे पोकळ राहतात, असे माझे प्रतिपादन आहे.

सुरुवात एका लिंबापासून करू. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांनी इटलीतल्या आलेसी या कंपनीसाठी केलेले ‘ज्यूसी सालिफ’ हे लिंबू पिळण्याचे साधन १९९० साली बाजारात आले. तीन उंच, कोळ्यासारखे पाय आणि वर थेंबाच्या आकाराचे डोके. उंची सुमारे २९ सेंटीमीटर, धातू ॲल्युमिनियम. कापराइया बेटावर जेवताना ताटाखालच्या कागदावर स्टार्क यांनी त्याची पहिली रेखाटने केली. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यावर लिंबू पिळले तर रस धातूवरून ओघळत खालच्या पेल्यात पडतो आणि बियाही पडतात, कारण गाळणी नाही. दहा वर्षांनी त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली. लिंबाच्या आम्लाने मुलामा खराब होईल, म्हणून ती वापरू नये अशी सूचना तिच्यासोबत होती. म्हणजे लिंबू पिळण्याचे साधन अखेर लिंबालाच वर्ज्य ठरले!

यावर असे म्हणता येईल, की हे शिल्प आहे. त्याला उपयुक्ततेचा काटा लावू नये. आक्षेप रास्त आहे. आपल्याही घरांत न वापरलेला पितळी तांब्या कपाटात दिमाखाने उभा असतोच. मात्र तो तांब्या भविष्याचा दावा करत नाही. उपकरण जेव्हा ‘उद्याचे जगणे’ म्हणून समोर ठेवले जाते, तेव्हा त्या जगण्यातली कामे कोणाच्या वाट्याला येणार, हे विचारावेच लागते.

हा प्रश्न जाहीरपणे निघाला तो १९५९ साली मॉस्कोत. सोकोल्निकी उद्यानातल्या अमेरिकन प्रदर्शनात २४ जुलै रोजी निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांची जी खडाजंगी झाली, तिला ‘किचन डिबेट’ असे नावच पडले. शीतयुद्धाच्या इतिहासात ती भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद अशी शिकवली जाते. तिच्यातला एक छोटा प्रसंग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. चहात लिंबू पिळण्याचे एक यंत्र पाहून ख्रुश्चेव्ह यांनी त्याची टर उडवली. चहाला दोन थेंब पुरतात आणि ते हाताने पिळायला या यंत्रापेक्षा कमी वेळ लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. निक्सन यांचा भर गृहिणीचे कष्ट कमी करण्यावर होता. ख्रुश्चेव्ह काही स्वयंपाकघराचे जाणकार नव्हते, पण त्यांनी लावलेली कसोटी, म्हणजे यंत्रासह लागणारा वेळ आणि यंत्राविना लागणारा वेळ, ही योग्यच होती. याच प्रदर्शनात व्हर्लपूलचे ‘मिरॅकल किचन’ होते. तिथे एक रोबो आपोआप फरशी पुसताना दिसे. प्रत्यक्षात आरशासारख्या काचेमागे बसलेला माणूस ती यंत्रे दुरून चालवत असे. काम नाहीसे झाले नव्हते, काम करणारा दिसेनासा झाला होता. या साऱ्या परंपरेचे इतके नेमके प्रतीक दुसरे सापडणार नाही.

जवळजवळ साठ वर्षांनंतर तीच कथा पुन्हा घडली. २०१६ साली अमेरिकेत ‘ज्युसेरो’ हे वाय-फायला जोडलेले रसयंत्र आले. डिझाइन ईव्ह बेहार या नामवंताचे, किंमत सुरुवातीला ६९९ डॉलर. कापलेल्या फळे-भाज्यांच्या तयार पिशव्या त्यात घालायच्या. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी त्या पिशव्या नुसत्या हातांनी पिळून दाखवल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनी बंद पडली.

पण म्हणून डिझायनर आणि स्वयंपाकघर यांचे नाते सदैव देखाव्याचेच होते असे नाही. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी तयार केलेले ‘फ्रांकफुर्ट किचन’ कामगारांच्या घरांसाठी होते आणि त्याची सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा त्यामागे अभ्यास होता. पावले मोजून मांडणी केली होती. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचे खण ओक लाकडाचे होते. तरीही ही खोली जेमतेम दोन मीटर रुंद, एकाच माणसापुरती. मदतीला दुसरे कोणी उभे राहू पाहील, तर जागाच नाही. श्रम वाचवण्याचा हिशेब चोख होता. श्रम वाटून घेण्याचा विचार आराखड्यातच नव्हता. पुढे स्त्रीवाद्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) या ग्रंथात हाच धागा शेवटपर्यंत नेला. नवी चूल आली तेव्हा पुरुषांचे आणि मुलांचे लाकडे फोडणे सुटले, बाईचा स्वयंपाक सुटला नाही. कपडे धुण्याचे यंत्र आले आणि कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. यंत्राने कष्ट कमी केले, पण अपेक्षा वाढवल्या.

आता आपल्या ओट्याकडे येऊ. जर्मनीच्या ब्राउन कंपनीची उपकरणे विसाव्या शतकातल्या डिझाइनचा मानदंड मानली जातात. १९६०च्या दशकात भारतात माधुरी माथुर यांचा ब्राउनचा मिक्सर बंद पडला आणि इथे त्याची दुरुस्ती होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांनी भारतीय वाटण सोसेल अशी दणकट मोटर असलेला मिक्सर तयार केला. तोच ‘सुमीत’. यामागचे तांत्रिक कारण साधे आहे. भिजवलेली डाळ किंवा ओले खोबरे बारीक वाटताना पात्यांवरचा भार काही मिनिटे सतत राहतो. मिल्कशेक घुसळण्याच्या बेताने केलेली मोटर त्यात तापते आणि जळते. म्हणून आपल्या मिक्सरला जोरदार मोटर, स्टीलची भांडी, चटणीचे छोटे भांडे आणि तळाशी ते लाल बटण मिळाले. मोटर तापली की ते बटण बाहेर येते आणि थोड्या वेळाने दाबले की काम पुन्हा सुरू होते. ‘भविष्यवेधी’ म्हणावी अशी गोष्ट माझ्या मते हे बटण आहे. यंत्र थकणार, हे त्यात आधीच गृहीत धरले आहे आणि उपाय वापरणाऱ्या बाईच्या बोटाशी ठेवला आहे.

सुमीतचा गौरव करताना कोवन यांचा इशारा मात्र विसरता येत नाही. पाटा-वरवंटा बाजूला झाला, खांदे सुटले. पण ‘आता काय, मिक्सर आहे’ म्हणून रोज ताज्या वाटणाची अपेक्षा सुरू झाली. मिक्सर फिरवणारा हातही बहुतेक घरांत तोच राहिला. पात्याखाली अडकलेले वाटण बोटाने काढणारा हातही तोच.

म्हणून नव्या उपकरणाविषयी लिहिताना समीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत असे सुचवतो. याने काम किती कमी होते, यंत्र धुण्याचा वेळ धरून? बिघडले तर गल्लीतला दुरुस्तीवाला ते उघडू शकतो का? आणि घरातला दुसरा कोणी ते वापरायला पुढे येईल, अशी जागा त्याने केली आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डिझायनर देऊ शकतो. तिसऱ्याचे निम्मे उत्तर आपल्या घरात आहे. या दिवाळीत फराळाची भांडी मोरीत साचतील, तेव्हा ते तपासून पाहायला हरकत नाही.