'सिटिझन खान' : मंगनीचे हसू

मंगनी आणि निकाह यांच्यामधले दिवस आपल्या घरांत सर्वांत जास्त विनोदाचे असतात. अंगठी घातली जाते, मिठाई वाटली जाते, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात. पण दोन्ही घरांनी मात्र एकमेकांना अजून कबूल केलेले नसते. बरातीत माणसे किती येणार, समधनच्या जोड्याचे कापड कुठल्या दुकानातले, दावतीत खुर्चीवर आधी कोणाच्या मामूला बसवायचे, यावरून सहा-सहा महिने बोलणी चालतात. बोलणी म्हणजे अर्थातच न बोलणे. या दिवसांवर आपल्या लोकांनी फार गंभीर लिहिले. जहेजवर लिहिले, तलाकवर लिहिले, आणि ते लिहिणे जरुरीचेही होते. हसून लिहिणे मात्र राहून गेले.

म्हणूनच 'सिटिझन खान' या इंग्रजी विनोदी मालिकेबद्दल येथे लिहावेसे वाटले. बीबीसीवर २७ ऑगस्ट २०१२ रोजी ती सुरू झाली आणि २०१६ पर्यंत तिचे पाच हंगाम झाले. बर्मिंगहॅम शहरातल्या स्पार्कहिल या वस्तीत राहणारे एक पाकिस्तानी कुटुंब, स्वतःच स्वतःला समाजाचा पुढारी म्हणवणारे खानसाहेब, त्यांची बीबी आणि दोन मुली. आदिल रे यांनी खानसाहेबांची भूमिका केली आणि अनिल गुप्ता व रिचर्ड पिंटो यांच्यासोबत लेखनही केले. थोरली शाझिया हिची मंगनी अमजदशी झालेली आहे. पहिल्याच भागात खानसाहेबांवर एकच काम सोपवलेले असते : लग्नासाठी मशिदीत तारीख नक्की करायची. ते त्यांच्याकडून होत नाही, आणि मग सारी धावपळ. मशिदीचा कारभार पाहणारा डेव्ह हा गोरा, मुसलमान झालेला इंग्रज. आणि याच्यापुढे आपण अर्ज करायचा ही गोष्ट खानसाहेबांच्या गळी उतरत नाही.

मालिकेचा खरा जीव दोन आयांच्या चढाओढीत आहे. अमजदची आई मिसेस मलिक घरात पाऊल टाकते तेव्हा मिसेस खानची नजर आधी स्वतःच्या घरावरून फिरते. बाहेर पिवळी जुनी मर्सिडीज, आत घाऊक भावात आणून रचून ठेवलेले शौचालयाच्या कागदाचे ढीग. पैसा वाचवणारा शौहर आणि इज्जत वाचवणारी बीबी, यांच्यात मुलीचे लग्न अडकलेले. येथे हसू येते ते कंजूषीचे आणि दिखाव्याचे येते, दीनाचे नाही. कंजूष बाप ब्राह्मणाच्या घरातही असतो आणि कुणब्याच्याही. पण समधनपुढे नाक वर ठेवण्याची जी खास तऱ्हा आहे, ती आपल्या खालाजान आणि फूफीजान यांची आहे. ती बर्मिंगहॅममध्ये जशीच्या तशी पोचलेली पाहून आम्हांला मोठी गंमत वाटली.

पहिल्या भागानंतर बीबीसीकडे सुमारे २०० तक्रारी गेल्या. राग होता तो धाकट्या आलियाच्या प्रसंगावर. नटून-थटून बसलेली ही मुलगी वडिलांची चाहूल लागताच डोक्यावर हिजाब ओढते आणि कुराण उघडून बसते. हा कुराणाचा अपमान आहे, असे तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटत नाही. आम्ही शाळेत शिकवतो. गल्लीच्या तोंडाशी येताच दुपट्टा डोक्यावर कसा जातो हे आम्हांला रोज दिसते. प्रसंग खोटा नाही, आणि त्यात हसे होते ते बापाचे. दुनियेला शहाणपण सांगणाऱ्या या पुढाऱ्याला आपल्या घरातली मुलगी कळत नाही. किताब तिच्या जागी सलामतच आहे.

मालिकेत दोष आहे तो दुसरीकडे. ज्यांच्यासाठी दोन घरे झटापट करतात, त्या शाझिया आणि अमजदला लेखकांनी जवळजवळ काहीच दिलेले नाही. अमजद भोळसट, इतका की शाझियासारख्या समजदार मुलीने त्याच्यात काय पाहिले याचा पत्ता लागत नाही. मोठ्यांची भांडणे रंगवताना लहानांची पसंती कोऱ्या कागदासारखी राहिली. आपल्याकडच्या मंगनीतही बऱ्याचदा हेच होते, असे कोणी म्हणेल. पण मग तेच दाखवायला हवे होते.

आपल्या घरांना या जातीची मालिका माहीत आहे ती जिओ टीव्हीची. 'अज़र की आएगी बारात' (२००९) पासून 'ऍनी की आएगी बारात' (२०१२) पर्यंत दर वर्षी एक, अशा चार मालिका आल्या. बुशरा अन्सारी यांची फैसलाबादची सायमा चौधरी त्यात सर्वांवर भारी पडते. तेथे हसण्याचे मोठे कारण बोली आहे : पंजाबी मिसळलेली उर्दू, तीही बिनदिक्कत. उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे हसू थोडे टोचते. नागपूर जिल्ह्यातच पाहा. शहराकडची मंडळी आमच्या कळमेश्वरकडच्या बोलण्यात 'कायले' आणि 'बापा' सापडला की गालातल्या गालात हसतात. मुलगी त्यांच्या घरी गेली की तिची जबान 'साफ' करण्याचे काम सुरू होते. सायमाची मात्र कोणी जबान साफ करू शकत नाही, आणि प्रेक्षक तिच्याच बाजूला जातो. बुशरा अन्सारी यांच्या अदाकारीची ही ताकद आहे.

आता मराठीकडे येऊ. २०१२ सालीच झी मराठीवर सतीश राजवाडे यांची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लागली होती. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचे ते नावापुरते लग्न आमच्या वस्तीतही आवडीने पाहिले गेले, ते काळ्यांच्या भरल्या घरामुळे. त्या घरातल्या प्रत्येकाला विचित्र असण्याची मुभा होती. मराठी मालिकेतल्या मुसलमानाला ही मुभा मिळालेली आमच्या पाहण्यात नाही. तो चाचा असतो, दिलदार असतो, ईदला शीरखुर्मा पाठवतो आणि निघून जातो. त्याला बीबीशी भांडायला घर नसते, मुलीच्या मंगनीत रुसायला समधी नसतो. चांगला आहे म्हणून त्याला दारातच उभे केलेले असते. ज्याच्यावर मोकळेपणाने हसता येते तोच घरातला, हे साधे माप लावले तर आपण अजून पाहुणेच आहोत. यात वाहिन्यांचा दोष आहे, आणि आपलाही. उद्या कोणी मराठीत अशी मालिका काढलीच, तर पहिले निवेदन घेऊन तहसीलवर जाणारे आपलेच लोक असतील.

मजकुराची तर कमी नाही. एक कामठीचे घर घ्यावे, एक कळमेश्वरचे. सर्व ठरते आणि शादीच्या कार्डावर अडते. कामठीवाले म्हणतात, कार्ड उर्दूतच हवे, खानदानाचा सवाल आहे. इकडचे म्हणतात, आमच्या सोयऱ्यांत उर्दू वाचणार कोण? चार बुजुर्ग बसतात आणि तोड निघते : एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. मग पुन्हा बसणे होते, कारण कार्डाची वरची बाजू कोणती हे ठरवायचे राहिलेले असते.