शब्द दुसऱ्याचे, बोलणारी ती

सिंडी लॉपर या अमेरिकन गायिकेची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका 'शीज सो अनयूज्वल' १९८३च्या ऑक्टोबरात निघाली. तिच्यातल्या दहा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची आहेत. एवढ्यावरून तिला 'रंगवलेले केस आणि चिरका आवाज' म्हणून निकालात काढणारे जाणकार मला पुष्कळ भेटले. आपल्याकडे भावगीताच्या चर्चेतही आशयाचे श्रेय कवीला, चालीचे संगीतकाराला आणि गाणाऱ्याला फक्त गळ्याचे, अशीच वाटणी असते. लॉपरच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

'गर्ल्स जस्ट वॉन्ट टु हॅव फन' हे गाणे फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हॅझर्ड यांनी लिहिले आणि १९७९मध्ये त्याचे कच्चे ध्वनिमुद्रण केले. त्यात बोलणारा पुरुष आहे. पोरींना मजा हवी असते म्हणजे आपण हवे असतो, अशी त्याची समजूत. निर्माते रिक चर्टॉफ यांनी ते पुढे ठेवले तेव्हा लॉपरने आधी नाकारले, मग शब्द फिरवून घेतले. बोलणारी मुलगी झाली आणि गाण्यातल्या आईबापांच्या रागावण्याचा अर्थच पालटला. मुलाचे उशिरा घरी येणे उनाडपणात जमा होते, मुलीचे थेट घराच्या अब्रूत. 'मजा' हा शब्द तोच, पण पुरुषाच्या तोंडी तो बढाई होता, इथे मागणी झाला. शब्दाच्या शेवटी ती आवाज उचकीसारखा वर फेकते. ज्याला चिरकेपणा म्हणतात तो हाच, आणि मला त्यात कोणाची परवानगी न मागणारी पोर ऐकू येते. चित्रफितीत आईच्या भूमिकेत तिची खरी आई आहे, बाप झालेला लू अल्बानो कुस्तीच्या आखाड्यातला. (चित्रफितीतला शेवटचा गोंधळ मला आजही जास्त वाटतो.) गीतकार म्हणून नाव मात्र एकट्या हॅझर्डचे राहिले.

शब्द बदलले म्हणून अर्थ बदलला, असे कोणी म्हणेल. म्हणून त्याच ध्वनिमुद्रिकेवरचे 'व्हेन यू वेअर माइन' ऐकावे. हे प्रिन्सचे, १९८०चे. सोडून गेलेली प्रेयसी आता दुसऱ्या पुरुषाबरोबर आहे, ही त्याची तक्रार. अशी गाणी घेताना गायिका 'तो'ची 'ती' करून घेत. लॉपरने तसे केले नाही. परिणामी आता एक स्त्री आपल्या प्रियकराला सांगते आहे, की तू एका पुरुषाबरोबर आहेस हे मला ठाऊक आहे. त्या काळच्या लोकप्रिय संगीतात हे उघड बोलले जात नव्हते. इथे तर एक अक्षरही न हलवता गाण्यात तिसरेच दुःख आले. याचे श्रेय कोणत्या रकान्यात लिहायचे?

१९८६च्या 'ट्रू कलर्स'मध्ये तिने शब्दांपेक्षा साज बदलला. बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली यांचा मूळ नमुना पियानोवरचा, चर्चमधल्या भक्तिगीताच्या वळणाचा होता. तिने तो उतरवून जवळजवळ ताल आणि कुजबुज एवढेच ठेवले. मोठ्या आवाजात दिलेला धीर भाषणासारखा वाटतो, हा कानाशी बसून दिल्यासारखा वाटतो. पुढे समलिंगी समाजाने हे गाणे आपले मानले, ते याच जवळिकीमुळे असावे.

'टाइम आफ्टर टाइम' मात्र तिचे स्वतःचे, रॉब हायमनसोबत लिहिलेले. नाव सापडले दूरदर्शन कार्यक्रमांच्या साप्ताहिकात, त्याच नावाच्या चित्रपटाच्या नोंदीत. १९८५मध्ये माइल्स डेव्हिसने ते 'यू आर अंडर अरेस्ट'साठी ट्रम्पेटवर वाजवले, आणि या वेळी दुसऱ्याच्या हाती गेलेले गाणे तिचे होते. त्यात शब्द एकही नाही. तरी ती जिथे थांबून श्वास घेते, त्या जागा मला त्याच्या वादनातही ऐकू येतात.