एकट्याने खेळायची परवानगी

माणसाने एकट्याने करायच्या गोष्टी जगात फार थोड्या. दाढी, स्वगत आणि पत्त्यांतला पेशन्स. त्यातही दाढी सुरू असताना बाहेरून "अजून किती वेळ?" अशी विचारणा होतेच, आणि नाटकातलं स्वगत आठशे माणसं तिकीट काढून ऐकत असतात. राहता राहिला पेशन्स. बावन्न पत्ते, एक सतरंजी आणि एक रिकामी दुपार एवढ्या भांडवलावर चालणारा दुसरा उद्योग मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुठल्याही पुस्तकात आढळला नाही. यात लबाडी केली तर ती स्वतःशीच, आणि पकडणारेही आपणच. म्हणजे ऑडिटसुद्धा घरचंच.

आता अशी कल्पना करा, की पत्ते विकणाऱ्या कंपनीने कॅटबरोबर एक शिपाईही पाठवला आहे. तो तुमच्या सतरंजीच्या कडेला बसतो. तुम्ही बदामच्या सत्तीला हात घातलात की हेड ऑफिसला फोन लावतो, "साहेब, पार्टी सत्ती उचलतेय. उचलू देऊ?" तिकडून होकार आला तर ठीक. फोन लागलाच नाही, तर पत्ते गोळा करून खिशात घालतो आणि म्हणतो, "थोड्या वेळाने बघू." आणि एक दिवस कंपनीचा या धंद्यातला रस संपला, की तो कॅट घेऊन निघूनच जातो. तुम्ही ओरडता, "अहो, पैसे दिलेत मी!" तो शांतपणे सांगतो, "ते पत्त्यांचे नव्हते साहेब. पत्ते हाताळण्याचे होते."

विनोदी लेख लिहिणाऱ्याला अतिशयोक्तीची मुभा असते, पण इथे मी ती फारशी वापरलेली नाही. एकट्याने खेळायचे कितीतरी कॉम्प्युटर गेम याच अटीवर विकले गेले आहेत. घर तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, विजेचं बिल तुमचं. पण कंपनीच्या सर्व्हरशी इंटरनेटने सूत जुळल्याशिवाय खेळ उघडत नाही. या व्यवस्थेला 'ऑलवेज ऑनलाइन' म्हणतात.

नमुन्यादाखल 'सिमसिटी' घेऊ. विल राइट यांनी रचलेला पहिला 'सिमसिटी' मॅक्सिस कंपनीने १९८९ साली काढला. खेळणारा हा एका शहराचा महापौर. रस्ते आखा, वीज आणा, पाणी आणा, कर बसवा आणि नागरिकांच्या शिव्या खा. निवडणूक न लढवता महापौर होता येतं, हे त्यातलं मोठं आकर्षण. शत्रू नाही, शर्यत नाही. परसात बाग करावी, तसा हा खेळ. मार्च २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्याची नवी आवृत्ती आणली, ती मात्र ऑलवेज ऑनलाइन.

समीक्षेच्या रिवाजाप्रमाणे आधी गुण सांगतो. खेळ देखणा आहे. रस्ते हवे तसे वळवता येतात. वीज आणि पाणी रस्त्याबरोबरच येतं, त्यामुळे काल केलेला रस्ता आज नळासाठी खणावा लागत नाही. एवढ्या एका कल्पनेसाठी आपल्या नगरपालिकांनी हा खेळ सरकारी खर्चाने पाहायला हरकत नाही. आता दोष. शहराला दिलेली जागा इतकी तोकडी, की गाव जरा बाळसं धरतंय तोच सरहद्द लागते. शिवाय इथल्या नागरिकाला कायमचा पत्ता नाही. सकाळी जवळ दिसेल त्या नोकरीवर तो हजर होतो आणि संध्याकाळी जे रिकामं घर आधी लागेल त्यात शिरतो. काही गृहस्थांना ही व्यवस्था रम्य वाटेल. वाहतुकीचा मात्र तिने पार विचका होतो.

पण हे दोष कळायला आधी खेळ उघडायला हवा ना! ५ मार्चला अमेरिकेत विक्री सुरू झाली आणि सर्व्हरांनी मान टाकली. रोख पैसे मोजलेले महापौर रांगेत उभे राहिले. भार हलका करण्यासाठी कंपनीने खेळातली 'चीता' नावाची सर्वांत वेगवान गती काही काळ बंद केली. अ‍ॅमेझॉनने डाउनलोडची विक्री तात्पुरती थांबवली. शेवटी भरपाई म्हणून कंपनीने लोकांना दुसरा एक खेळ फुकट दिला. डोशाची वाट पाहून दमलेल्या गिऱ्हाइकाला मालकाने काउंटरवरचा चिवडा बांधून द्यावा, त्यातला प्रकार. गाव वसवण्याआधी पाण्याची सोय बघा, हा धडा चोवीस वर्षं शिकवणाऱ्या खेळाच्याच नव्या वसाहतीत नळाला पाणी नव्हतं!

मग ही अट घातली कशाला? मॅक्सिसच्या प्रमुख ल्युसी ब्रॅडशॉ यांचं म्हणणं असं, की खेळातली बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते. तो तोडून खेळ चालवायचा तर फार मोठं काम करावं लागेल. थोड्याच दिवसांत एका हुन्नरी माणसाने खेळाच्या फायलींत थोडी ढवळाढवळ करून दाखवली. इंटरनेट नसतानाही खेळ चालू! गाव जपून ठेवता येत नव्हतं, पण माणसं कामावर जात होती, दिवे लागत होते. पुढे मार्च २०१४ मध्ये कंपनीनेच इंटरनेटशिवाय खेळायची सोय करून दिली. मार्चमधला अर्ज पुढच्या मार्चमध्ये मंजूर झाला, हे अगदी आपल्याकडच्यासारखंच झालं.

इथे माझ्यातला बँक क्लार्क बोलू लागतो. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवण्यात आमच्या काउंटरचा मोठा वाटा आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत लेजरं होती. वीज गेली तर मेणबत्ती लावायची आणि लेजर उघडायचं. आता लिंक गेली, की सबंध शाखा पंख्याकडे बघत बसते. समोर पेन्शनवाले आजोबा असतात.

"माझ्या खात्यात पैसे आहेत ना?"

"आहेत, आजोबा."

"मग द्या की."

"लिंक नाही."

"लिंक तुमची. पैसे माझे."

यावर उत्तर नसतं. तरीही मी बँकेची बाजू घेईन, आणि ती पगारासाठी नव्हे. बँकेला सर्व्हर लागतो, कारण खातं एक आणि हात अनेक. मी इथे आजोबांना दहा हजार देतोय आणि त्याच वेळी त्यांचं कार्ड घेऊन नातू नागपूरच्या एटीएमपाशी उभा आहे, असं होऊ शकतं. दोघांच्या मध्ये कोणी तरी एक वही धरून बसावंच लागतं. चौघांनी चार गावांहून मिळून खेळायच्या खेळालाही हे लागू आहे. पण एकट्याच्या खेळात खातंही एक आणि हातही एकच! माझ्या गावातली पाण्याची टाकी नागपूरहून कोणी काढून नेत नाही. मग सर्व्हर कोणाला कोणापासून राखतोय? उत्तर सरळ आहे. कंपनीला, माझ्यापासून.

कंपनीला भीती चोरीची. ती खोटी नाही. खेळांच्या नकला होतात, हे उघड आहे. पण उपाय बघा. युबिसॉफ्टने २०१० साली 'असॅसिन्स क्रीड २' कॉम्प्युटरसाठी काढला, तो असा, की इंटरनेट तुटलं की खेळ जागच्या जागी थांबे. त्याच मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरांवर बाहेरून हल्ला झाला आणि पैसे मोजलेली मंडळी ताटकळली. चोरट्या प्रतीतून तर ही अट आधीच काढून टाकलेली असते. तेव्हा ज्याने पावती फाडली तो दाराबाहेर, आणि ज्याने भिंत फोडली तो आत गादीवर. आमच्या बँकेने अशी तिजोरी घेतली असती, तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला झाली असती.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ साली आला. त्यात दुसऱ्यांबरोबर खेळता येई, तसंच एकट्यानेही कथा पुरी करता येई, पण सर्व्हरशी सूत हवंच. कंपनीने हे सर्व्हर कायमचे बंद केले. तारीख : ३१ मार्च २०२४. त्या दिवशी रविवार असूनही सरकारी भरणा घेणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून उघड्या होत्या, म्हणून मी काउंटरवरच होतो. ३१ मार्चला आम्हीही पुस्तकं बंद करतो. पण बंद करताना शेवटच्या ओळीत शिल्लक पुढे ओढतो. ही शिल्लक गिऱ्हाइकाची असते, ती आम्ही मिटवत नाही. 'द क्रू'च्या खातेदारांची शिल्लक पुढे ओढली गेली नाही. दहा वर्षांपूर्वी दुकानातून पैसे देऊन आणलेली चकचकीत तबकडी आता चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाची.

आमच्या बी.कॉम.ला १९३०चा मालविक्री कायदा होता. त्याचं १४वं कलम सांगतं, की विकलेली वस्तू गिऱ्हाइकाला निर्वेधपणे ताब्यात ठेवता आणि वापरता येईल, ही हमी विक्रीत गृहीतच असते. परीक्षेसाठी पाठ केलेलं हे वाक्य मला तेव्हा फार रुक्ष वाटे. आता ते वाचताना गहिवरून येतं. कंपन्यांनी त्यावर तोड काढली, ती अशी, की आम्ही वस्तू विकलीच नाही, फक्त लायसन्स दिलं. बटणावर मोठ्या अक्षरांत 'विकत घ्या', आणि खाली मुंगीच्या अक्षरांत 'विकत मिळणार नाही'.

मी हे सारं तळमळीने आमच्या चिरंजीवांना ऐकवलं. ते म्हणाले, "बाबा, विकत घेतलं म्हणजे आपलं झालं, हे तुमच्या वेळचं." मला पैशापेक्षा या वाक्याने जास्त लागलं. आमच्या माळ्यावर वडिलांचा कॅरम आहे. चाळीस वर्षांत तो कोणाची परवानगी न घेता खेळला गेला. एका कोपऱ्यावर मामांच्या चहाचा डाग आहे. मुलाच्या मुलाला दाखवायला या मुलाकडे काय असेल? एका बंद पडलेल्या खेळाचं नाव आणि पासवर्ड?

सगळेच चिरंजीव इतके समजूतदार नाहीत, हे नशीब. 'द क्रू' बंद पडल्यावर रॉस स्कॉट या गृहस्थांनी २०२४ साली 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. तिच्या युरोपीय अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर जन्मभर चालवा, असं कोणी म्हणत नाही. दुकान बंद करताना विकलेला खेळ चालता ठेवून जा. कॅलिफोर्नियातही १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की नुसतं लायसन्स देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना तसं स्पष्ट सांगा. जी वस्तू एकदाच उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय कायम वापरता येते, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे वस्तू कोणती आणि परवाना कोणता, हे तिथल्या कायद्याला कळलेलं दिसतं.

आपल्याला कळायला कायद्याचीही गरज नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, नारळ कानाशी हलवून बघतो. तसं खेळ घेताना एवढंच विचारायचं : इंटरनेट बंद केलं तर चालतो का? दुकानदार "हो" म्हणाला, तर किंमत विचारावी. "तसं काही नाही हो, आजकाल सगळ्यांकडे इंटरनेट असतंच," असं म्हणाला, तर नमस्कार करावा आणि पत्त्यांचा कॅट घेऊन घरी यावं.