लेणे आणि डोंगर : कोसंबींच्या पद्धतीचे पुनर्वाचन

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा निबंधसंग्रह १९६२ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. गीतेच्या सामाजिक पार्श्वभूमीपासून गोव्यातील ग्रामसंस्थेपर्यंतचे विषय त्यात आले असले, तरी बौद्ध लेण्यांच्या अभ्यासकाला त्यातील दोन निबंध विशेष महत्त्वाचे आहेत. एक मातृदेवतांच्या वाटेवरील स्थानांविषयीचा आणि दुसरा पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासाविषयीचा. या निबंधांत कोसंबींनी जे केले, त्याला आज ‘भूदृश्य-पुरातत्त्व’ असे नाव मिळाले आहे. या पद्धतीचे मोल, तिच्या मर्यादा आणि ती सामान्य वाचकापर्यंत न पोहोचल्याने होत असलेली हानी यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोसंबींचे पहिले साधन म्हणजे पायपीट. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर व वाटांवर त्यांनी सूक्ष्मास्त्रे गोळा केली. ती कोठे सापडतात आणि कोठे सापडत नाहीत याची नोंद ठेवली. धनगरांच्या कळपांच्या वाटा, पंढरीच्या पालख्यांचे मार्ग, गावाच्या शिवेवरील शेंदूर लावलेले तांदळे आणि बौद्ध लेणी या चार गोष्टी एका नकाशावर ठेवून पाहण्याचे धाडस त्यांनी केले. लेणी ही जगापासून तुटलेली एकांतस्थाने नसून घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या मार्गांशी बांधलेली आहेत, हा त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधनाला दिशा देणारा ठरला.

या निष्कर्षाला पालि वाङ्मयाचाही आधार आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. वेळुवनाचे दान देताना बिंबिसार राजाने जो विचार केला, तो महावग्गात नोंदलेला आहे. भिक्खूंचे निवासस्थान गावापासून फार दूर नसावे, फार जवळही नसावे, लोकांना येण्याजाण्यास सोयीचे असावे आणि तरीही तेथे शांतता असावी. इंद्रायणीच्या खोऱ्यात समोरासमोर असलेली कार्ले आणि भाजे ही लेणी पाहावीत म्हणजे ही कसोटी डोंगरात उतरलेली दिसते. कोसंबींनी व्यापार आणि आदिम उपासना यांच्या आधारे जे स्पष्ट केले, त्याचा एक भाग संघाच्या स्वतःच्या निकषांतूनही उलगडतो.

कोसंबींच्या मांडणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लेणे खोदण्यापूर्वीच त्या जागी देवीचे ठाणे असावे, असे अनुमान ते आजच्या उपासनेवरून करतात. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे आज एकवीरेचे मंदिर आहे हे खरे. परंतु आजच्या ठाण्यावरून दोन हजार वर्षांपूर्वीचे ठाणे सिद्ध होत नाही. जमिनीच्या पृष्ठभागावर मिळालेल्या सूक्ष्मास्त्रांचा काळ ठरविणेही कठीण असते. तेथे माणसांचा वावर होता एवढे ती सांगतात. केव्हा, हे सांगत नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची वाटते. कोसंबींनी दगडांवर उदंड लिहिले, परंतु लेणे ज्या कातळात आहे तो कातळ त्यांच्या विवेचनात मागेच राहिला. सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. काही थर घट्ट व एकसंध आहेत, काही पोकळ्यांनी भरलेले आणि लवकर झिजणारे. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीसारखा पट्टा दिसतो. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार होतो आणि थरांच्या सांध्यातून झरे पाझरतात. कड्याचा उभा चेहरा, त्याच्या पायथ्याची सपाटी आणि जवळचे पाणी यांची सांगड घालूनच लेण्याची जागा निवडली गेली. चांगला दगड ओळखणारा पाथरवट आणि योग्य जागा शोधणारा संघ यांचे ज्ञान येथे एकत्र आले आहे.

कोरीव लेखही हेच सांगतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाला तेथील लेखात ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हटले आहे. कान्हेरी आणि जुन्नर येथे लेण्याबरोबरच ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. वलूरक या तत्कालीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्ल्याच्या लेण्यांतील भिक्खूंसाठी उषवदाताने करजिक गाव दिले, ते त्यांच्या वर्षावासाच्या निर्वाहासाठी. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील लेखांत दान दिलेल्या शेतजमिनीचे माप निवर्तनांत दिले आहे. दात्यांच्या दृष्टीने लेणे म्हणजे कातळ, पाणी, शेत आणि गाव यांचा एक संच होता. ‘लेणे’ हा मराठी शब्दही याला साक्ष आहे. चुल्लवग्गात संघाला पाच ‘लेणां’ची अनुज्ञा आहे आणि ‘गुहा’ हा त्यांतील केवळ एक प्रकार. लेण म्हणजे आश्रय. हा अर्थ सोडून आपण ‘गुंफा’ म्हणू लागलो, तेव्हा आश्रयाची कल्पना गेली आणि भोक तेवढे राहिले.

मध्य भारतात सांचीच्या परिसरातील विहार, स्तूप आणि प्राचीन बंधारे यांचा एकत्रित अभ्यास ज्युलिया शॉ यांनी २००७ साली ग्रंथरूपाने मांडला. आपल्याकडील लेण्यांच्या ओळखपुस्तिकांत मात्र बहुधा राजवंश, काळ आणि स्तंभांची मापेच असतात. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांना पाणी पुरविणारी टाकी व कातळात खोदलेले पाट पाहणारा पाहतो, पण ती पाहण्याची गोष्ट आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

ही केवळ माहितीची उणीव नाही. १९९२ ची अधिसूचना आणि २०१० ची कायदादुरुस्ती यांनुसार केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहेत. हे संरक्षण अत्यावश्यक आहे. पण लेण्याचा डोंगर ३०० मीटरांत संपत नाही. जुनी घाटवाट, एकाकी टाके, शिवेवरचा तांदळा, सूक्ष्मास्त्रांची सपाटी या साऱ्या गोष्टी त्या रेषेबाहेर असतात. तेथे खाण लागली किंवा बंगल्यांसाठी उतार सपाट केला, तर काय गेले याची नोंदही राहत नाही. रेषेबाहेरच्या वारशाचे रक्षण त्या डोंगरावर राहणारे व चढणारे लोकच करू शकतात, आणि जे कधी दाखविले गेले नाही त्याचे रक्षण कोणी करीत नाही.

असा लोकसमूह मुळीच नाही असेही नाही. एकवीरेच्या दर्शनाला येणारे कोळी बांधव, लेण्याद्रीला गणपतीसाठी चढणारे भाविक आणि चैत्याला वंदन करण्यास येणारे उपासक एकाच डोंगरावर येतात. पायऱ्यांच्या वळणावर थर दाखविणारा, टाक्याशेजारी ‘पोढी’ हा मूळ शब्द देऊन त्याचा अर्थ सांगणारा सोप्या मराठीतील एक फलक त्या साऱ्यांसाठी पुरेसा आहे. गावच्या शाळेतील मुलांनी आपल्या शिवारातील टाक्यांची यादी केली, तर ती उद्याच्या संशोधकालाही उपयोगी पडेल.

धर्मानंद कोसंबींनी पालि वाङ्मय मराठीत आणून बुद्धचरित्र सामान्य वाचकाच्या हाती दिले. त्यांच्या पुत्राने डोंगर वाचण्याची रीत दाखविली, पण ती मुख्यतः इंग्रजीत. पित्याचे कार्य पुत्राच्या पद्धतीला जोडणे हे आपल्या अभ्यासकांपुढील काम आहे. ते ग्रंथालयात सुरू होईल, पण पुरे व्हायचे असेल तर पायऱ्या चढाव्या लागतील.