चहाच्या खोलीभोवतीचं वसतिगृह

आपल्या मंडळात वाड्यांवर भरपूर बोलून झालंय. आज बडोद्याहून दोन तासांवरच्या, अहमदाबादच्या आयआयएममधल्या वसतिगृहांबद्दल लिहिते.

१९६२मध्ये हे काम अमेरिकन वास्तुकार लुई कान यांच्याकडे आलं. बाळकृष्ण दोशी जोडीला होते. पाहायला जाणारे बहुतेक जण उघड्या विटांचे आणि भिंतींतल्या भल्यामोठ्या गोलांचे फोटो काढून परततात. मला विचाराल तर खरी गंमत आतल्या मांडणीत आहे. कान यांनी दहा-दहा खोल्यांचे गट केले आणि ते जिना व चहाची खोली यांच्याभोवती बसवले. लांबलचक कॉरिडॉर मुद्दाम टाळला. खोलीबाहेर पडलं की कुणाची तरी गाठ पडणारच! मी ज्या वसतिगृहात राहिले तिथे एका रांगेत पंचवीस दारं होती. शेवटच्या दारातल्या मुलीचं नाव मला वर्षभर कळलं नाही. आजोळच्या वाड्यात हे गाठी घालून देण्याचं काम ओसरी करायची.

आता दोष. बिनगिलाव्याची वीट पाणी पिते, आतला गज गंजून फुगला की ती फुटते. त्यात २००१च्या भूकंपाचा मार बसला. म्हणजे दुरुस्तीची गरज खोटी नव्हती. पण डिसेंबर २०२०मध्ये संस्थेने १८पैकी १४ वसतिगृहं पाडायचं ठरवलं. जगभरातून विरोध झाला आणि १ जानेवारी २०२१ला निर्णय मागे घेतला गेला. २०२२मध्ये नवं धोरण आलं: काही इमारती पुन्हा बांधायच्या, बाहेरचं रूप तेच, आत सोयीनुसार बदल.

इथेच माझी हरकत आहे, आणि ती थोडी आपल्यावरही आहे. वारसा म्हटलं की आपण दर्शनी भिंतीसाठी भांडतो. मग समोरचाही भिंतच देऊ करतो. आजच्या मुलांना चांगली न्हाणीघरं, गळकं नसलेलं छप्पर हवंच, त्यात वाद नाही. पण सोयीच्या नावाखाली आत रांगेने खोल्या आल्या, तर वीट तीच राहील आणि कान यांचं वसतिगृह मात्र गेलेलं असेल.

म्हणून कुठल्याही नव्या वसतिगृहाचा नकाशा हाती आला, की मी आधी चहाची खोली शोधते.