पंच्याण्णव टक्के, पण कशाचे?

जेकब हॅना यांच्या गटाचा २०२२ चा 'सेल'मधला पेपर बऱ्याच जणांनी बातमीतूनच वाचलेला असतो. बातमी अशी: इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये शुक्राणू, बीजांड, गर्भाशय काहीही न वापरता नुसत्या स्टेम सेल्सपासून उंदराचं भ्रूण वाढवलं; त्याचं हृदय धडधडत होतं; आणि उद्या याच वाटेनं रुग्णांना लागणाऱ्या पेशी आणि अवयव मिळतील. पहिल्या दोन गोष्टींचा पुरावा पेपरमध्ये आहे. तिसरीचा नाही.

प्रयोग सुंदर आहे, यात वाद नाही. स्टेम सेल्सचे तीन गट केले. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात सीडीएक्स-२ हे जनुक चालू केलं (त्यातून वारेच्या पेशी), तिसऱ्यात गाटा-४ (त्यातून योक सॅकच्या). तिन्ही एकत्र करून आठ दिवस वाढवल्या, त्यातला पुढचा काळ फिरत्या काचेच्या बाटल्यांत. पेशींनी आपापली जागा स्वतः शोधली! साडेआठ दिवसांच्या भ्रूणाइतकी वाढ झाली. उंदराचा गर्भकाळच सुमारे २० दिवसांचा असतो.

आता आकडे बघा. नैसर्गिक भ्रूणाशी ९५ टक्के साम्य, असं सांगितलं गेलं. पण सुरुवात झाली सुमारे १०,००० गोळ्यांपासून, आणि नीट वाढले ५० च्या आसपास, म्हणजे अर्धा टक्का. साम्य मोजलं ते या निवडलेल्यांचं. क्लासच्या फ्लेक्सवर मेरिटवाल्यांचेच फोटो असतात, तसं. लेखकांनी हा आकडा लपवलेला नाही हं, तो पेपरमध्येच आहे. बातमीत मात्र ९५ च उरले. उरलेले ९९.५ टक्के नेमके कुठे बिघडले, हा माझ्या मते जास्त चांगला पीएचडीचा विषय आहे.

आणि उपचारांचं काय? रक्ताचंच उदाहरण घेऊ, कारण पहिला उपयोग तिथेच होईल असं सांगितलं जातं. साडेआठ दिवसांच्या भ्रूणात रक्तपेशी बनायला लागलेल्या असतात, हे खरं. पण दुसऱ्या प्राण्यात रोपण केल्यावर आयुष्यभर रक्त बनवत राहणाऱ्या स्टेम सेल्स उंदरात साधारण साडेदहाव्या दिवसानंतर दिसतात. रुग्णाला हव्यात त्या याच पेशी, आणि मॉडेल त्यांच्या दोन दिवस आधीच थांबतं. माणसात तोच टप्पा पाचव्या आठवड्यात येतो. याच गटाचं २०२३ चं मानवी मॉडेल मात्र १४ व्या दिवसाशी मिळतंजुळतं आहे. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार खरं मानवी भ्रूणही प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही.

म्हणजे उपचार हवे असतील तर मॉडेल आणखी पुढे, आणखी भ्रूणासारखं न्यावं लागणार. मग 'हे खरं भ्रूण नाही, सबब ते नियम याला लागू नयेत' हा युक्तिवाद तितकाच लंगडा पडत जातो. 'अगदी भ्रूणासारखं' आणि 'भ्रूण नव्हेच' ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात तेव्हा कान टवकारावेत. हॅना हे रिन्युअल बायो या कंपनीचे सहसंस्थापक आहेत. पेपर वाचताना पैशांच्या हितसंबंधांची ओळही वाचत चला.

मला पटायला काय लागेल? या मॉडेलमधल्या पेशी, रेडिएशन देऊन अस्थिमज्जा निकामी केलेल्या उंदराला द्या, काही महिने थांबा आणि त्याचं रक्त कोणत्या पेशींपासून बनतंय ते तपासा. मग त्याच्या अस्थिमज्जेतून दुसऱ्या उंदरात रोपण करून पुन्हा तपासा. रक्तावर काम करणाऱ्या लॅबमध्ये ही नेहमीची परीक्षा आहे. २०२२ च्या पेपरमध्ये ती नाही.